वामन मिस्त्रींचं डांबर

वामन मिस्त्रींच्या दहाव्याला शीळफाट्यावरचे सगळे टॅक्सीवाले आणि गॅरेजवाले जमले होते. नदीवरून आल्यावर ओटीवर चहा फिरला आणि एकेक जण बोलू लागला. एक म्हणाला, "मिस्त्रींसारखा माणूस परत होणे नाय." दुसरा म्हणाला, "पत्र्याची नाडी कळायची त्यांना." मी आत त्यांच्या बायकोजवळ, राधावैनींजवळ, बसून कप विसळत होते. मनात आलं, परत होणे नाही हे खरं असेल तर खोपोलीतल्या गाड्यांचं नशीब उघडलं म्हणायचं.

हे मी तिथे बोलले नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण तीस वर्षं त्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहिले. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं ओटीवरच्या एकालाही नाही. म्हणून लिहून ठेवते.

आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि रस्त्याच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी डोळे उघडायचे ते ठोकाठोकीच्या आवाजाने. ठोकणारे मिस्त्री नसायचे. ठोकायला दोन माणसं होती. मिस्त्री उभे राहायचे. पांढरा फुल शर्ट, वैशाखातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेली. गाड्यांचा पत्रा नीट करणाऱ्या माणसाचा शर्ट संध्याकाळपर्यंत पांढरा राहतो, यातच लोकांना काय ते कळायला हवं होतं. पण लोकांना उलटंच कळलं. लोक म्हणायचे, बघा, नुसत्या नजरेने काम करतो माणूस.

त्यांच्या उजव्या हातात तांब्याची जाड अंगठी होती. गाडी आली की मिस्त्री तिच्याभोवती सावकाश फेरी मारायचे, आणि मध्येच थांबून अंगठीने पत्र्यावर ठोकायचे. ठण. मग डोळे मिटून कान पुढे करायचे.

"बोलला," म्हणायचे.

गाडीवाला हात जोडायचाच बाकी. "काय बोलला, मिस्त्री?"

"तुला नाय कळायचं रं."

झालं. गाडीवाला खूश होऊन बाकड्यावर जाऊन बसायचा. आपल्याला काही कळत नाही हे ऐकून एवढा आनंद झालेली माणसं मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिली नाहीत.

पण मिस्त्रींचं खरं वेड वेगळंच होतं. त्यांना भोक दिसलं की चैन पडायची नाही. "जिथं भोक, तिथं वामन," असं ते स्वतःच छाती पुढे काढून सांगायचे. शेडच्या मागे तीन दगडांवर डांबराचा डबा कायम चढवलेला. काथ्याची सुपारीएवढी गोळी करायची, गरम डांबरात बुडवायची आणि भोकात सारायची. त्यांच्या घरी मोरीतून उंदीर येतात म्हणून त्यांनी मोरीचं तोंड बुजवलं. त्यानंतर राधावैनी मोरीतलं पाणी तांब्याने उपसून अंगणात टाकायच्या. चुलीवरच्या झरोक्यातून पावसाचे शिंतोडे येतात म्हणून झरोका बुजवला. मग घरभर धूर. राधावैनींचे डोळे बारा महिने लाल. तुळशीच्या कुंडीला खाली पाणी जायला भोक असतं. तेही यांना दिसलं. श्रावणात तुळस मुळापासून सडली. मिस्त्री म्हणाले, "रोप नकली होतं."

आमच्या मधल्या भिंतीत माझ्या चुलीच्या उजव्या हाताला एक वीट निखळलेली होती. त्या भोकातून राधावैनी मला ताकाची वाटी द्यायच्या, मी त्यांना कढीलिंब द्यायचे. मी घराबाहेर फारशी न पडणारी बाई. दिवसातून दोन शब्द बोलायचे ते त्या भोकाशी. एका दुपारी मी हात घातला तर हाताला गरम डांबर लागलं. पलीकडून मिस्त्रींचा आवाज आला, "कोण हाय? हात काढा! सुकलं नाय अजून!"

"मी हाय, भाऊजी," मी म्हटलं.

"वैनी, घराला भोक बरं नाय. तुमचंच सांभाळतोय."

माझ्या बोटांचं डांबर तीन दिवस निघालं नाही. भाकरीला वास येत होता. त्यानंतर राधावैनी आणि मी नळावर बोलायचो, तेही चार बायका पुढेमागे असताना. परवा दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीशेजारी भिंतीतून खरवडल्याचा आवाज यायला लागला. मी कान लावला. पलीकडून राधावैनी म्हणाल्या, "अगं, उलथनं वाकलं. तुझ्याकडं दाभण हाय का?"

असो. मला गाडीचं सांगायचं आहे.

आमची शेती नव्हती. टॅक्सी होती. आमचे हे खोपोलीहून कर्जतला आणि खालापूरच्या कचेरीला सीटा न्यायचे. घरात जे शिजायचं ते त्या चार चाकांवरून यायचं. गाडी बंद तर चूल बंद, एवढा सरळ मामला. त्यामुळे गाडी धुवायचं आणि पुसायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. लहान मुलाच्या अंगावर कुठे ओरखडा आहे ते जसं आईला ठाऊक असतं, तसा त्या गाडीचा पत्रा मला ठाऊक होता.

दरवर्षी वैशाखात मिस्त्रींच्या शेडसमोर गाड्यांची रांग लागायची. पावसाळ्याआधी गाडीला गंज लागू नये म्हणून काय ते करून घ्यायचं. मिस्त्री काय करायचे? मोटारीच्या प्रत्येक दरवाजाच्या तळाला बारीक भोकं असतात. दरवाजांच्या खाली पायरीसारखी लांब पोकळ पट्टी असते, तिलाही खाली भोकं असतात. आमच्या गाडीला चार दरवाजे आणि दोन पट्ट्या मिळून चौदा होती. मिस्त्री बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजायचे, आणि त्यांची माणसं चौदाच्या चौदा भोकं काथ्या-डांबराने गच्च बुजवायची. वरून मिस्त्री अंगठीने ठण करायचे आणि म्हणायचे, "किल्ला झाला. आता पाण्याचा बाप आत शिरणार नाय."

पाण्याच्या बापाचं मला माहीत नाही. पाणी शिरत होतं. ते खालून येतच नव्हतं. काचेच्या कडेला रबर असतं, त्याच्या फटीतून ते वरून दरवाजाच्या पोटात उतरायचं. आमच्याकडच्या पावसात चार महिने उतरत राहायचं. पूर्वी खालच्या भोकांतून निघून जायचं, आता जायला वाट नव्हती. हे मला कोणी शिकवलं नाही. दरवाजा उघडला की आत डुचुक असा आवाज यायचा. कळशी अर्धी भरलेली आहे का पूर्ण, हे हलवून ज्या बाईला कळतं तिला यात नवीन काय?

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मिस्त्रींना कळत नाय आनि तुला कळतंय?"

दुसऱ्या वर्षी दरवाजाच्या खालच्या कडेला रंगावर फोड आले. भाजताना पापडावर येतात तसे. मी नखाने एक फोडला तर आतून तांबडी भुकटी पडली. ह्यांनी मिस्त्रींना दाखवलं. मिस्त्रींनी फोडावर रंग मारून दिला. तिसऱ्या वर्षी त्या रंगाला फोड आले.

तेव्हा मी एक केलं. दिवाळी झाली होती, ऊन कडक होतं. गाडीखाली, दरवाजाच्या बरोबर खाली, जुने वर्तमानपत्राचे कागद पसरले. दोन तांबे पाण्यात हळद कालवली आणि ह्यांच्या देखत काचेच्या कडेने हळूहळू ओतली. दोन्ही तांबे आत गेले. आम्ही उकिडवे बसून खाली बघत राहिलो. कागद कोरडा. हळदीचा एक ठिपका नाही.

ह्यांनी कागद उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. मग म्हणाले, "दोन तांबे गेले कुटं?"

"तेच मी तीन वर्षं इचारतेय," मी म्हटलं.

हे तसेच मिस्त्रींकडे गेले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"मिस्त्री, आत पानी ऱ्हातंय. हिनं हळद घालून बघितली."

"हळद?" मिस्त्री मोठ्याने म्हणाले, म्हणजे बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जावं. "दामू, गाडीचं लगीन काडलंस काय रं?"

सगळे हसले.

"पन मिस्त्री, खाली थेंब नाय आला."

"नायच येनार. पत्रा तापलेला असतो. पानी आत जाता जाता वाळतं."

"दोन तांबे?"

"चार असते तरी." मग मिस्त्री आमच्या दाराकडे वळले. मी आत आहे हे त्यांना ठाऊक असणार. "वैनी, तुमी भाकऱ्या बगा. पत्रा मी बगतो. दरवाज्यात हीर खनलीत तुमी तर!"

त्या दिवसापासून स्टँडवर आमच्या गाडीचं नाव पडलं, दामूची विहीर. रोज कोणीतरी ओरडायचं, "दामू, हिरीला पानी लागलं का रं?" आणि मी नळावर गेले की बायका हसू दाबायच्या. मी चार महिने संध्याकाळी अंधार पडल्याशिवाय नळावर गेले नाही. हे मिस्त्रींच्या हातचं काम. भोकाबरोबर माणसाचं तोंडही बुजवायची त्यांना चांगली सवय होती.

एक सांगायला हवं, नाहीतर माझ्याच वहीत खोटं लिहिल्यासारखं होईल. मिस्त्री लबाड नव्हते. रविवारी, सणाला, कधीही गाडी आणा, नाही म्हणायचे नाहीत. डांबरात कधी माती मिसळली नाही. लबाड असते तर बरं झालं असतं. लबाड माणूस कुठेतरी हात आखडतो, एखादं भोक चुकवतो. हा माणूस मनापासून चुकत होता आणि एकही भोक सुटू देत नव्हता.

त्याच सुमाराला कर्जतचे हमीदभाई एकदा शेडवर आले होते. कर्जतच्या बाजारात त्यांचं लहानसं दुकान. ते स्वतः हातात हातोडी घेऊन पत्रा सरळ करायचे. अंगावर खाकी शर्ट, त्याचा मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये असा. ते आमच्या गाडीखाली डोकावले आणि उठून म्हणाले, "मिस्त्री, पानी वरनं येतंय. खालची वाट कशाला बंद केलीत?"

मिस्त्री म्हणाले, "तू ठोकायचं बग, हमीद. इचार करायचं काम आमच्याकडं."

हमीदभाई हसले, चहा प्यायले आणि गेले. जाताना ह्यांना एवढंच म्हणाले, "दामूभाऊ, गाडी रोटीची हाय. एकदा घेऊन या." पण हे गेले नाहीत. मिस्त्रींना वाईट वाटेल म्हणून. आमच्या ह्यांना सगळ्यांना काय वाटेल याची फार काळजी. गाडीला काय वाटेल याची नाही.

मग मिस्त्रींच्या सुमनचं लग्न आलं, मार्गशीर्षात. मुलगा कर्जतच्या पलीकडचा, भातशेतीवाल्या घरचा. नवरा-नवरीला न्यायला आमचीच गाडी, असं मिस्त्रींनी ठरवून टाकलं. "सहा पावसाळे माझ्या हाताखाली गेलेली गाडी. व्याह्यांना दिसू दे."

सुमन माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. मी त्या सकाळी गाडी मनापासून धुतली. दहा बादल्या पाणी घातलं असेल. टपावर, काचांवर, सगळीकडे. ह्यांनी झेंडूच्या माळा बांधल्या. दुपारी चारला वरात निघायची वेळ झाली. मांडव भरलेला, बँडवाले गाल फुगवून तयार. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन कडेला उभी होते. सुमन शालू सावरत मागे बसली, शेजारी नवरा मुलगा बसला.

मिस्त्री नवं धोतर आणि पांढराशुभ्र शर्ट घालून दरवाजाशी उभे राहिले. व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "व्याही, बगून घ्या. सहा पावसाळे. एक भोक नाय हिला."

आणि अंगठीने दरवाजावर ठोकलं.

ठण झालं नाही. भरलेल्या पिंपावर मारल्यासारखं डब झालं.

जवळच्या चारपाच जणांनी ऐकलं. मिस्त्रींनीही ऐकलं असणार, पण ऐकलेलं मान्य करायची त्यांना सवय नव्हती. "लगनाचा दिवस, पत्रापन जड झाला," असं म्हणत त्यांनी सगळ्या जोरानिशी दरवाजा लावला.

दरवाजाचा तळ उसवला. कडेने कडेने असा सरळ उसवला, पोतं उसवतं तसा. आतून तांबडं, गाळाचं, कुजक्या वासाचं पाणी भसकन खाली आलं. मिस्त्रींचं धोतर गुडघ्यापर्यंत तांबडं झालं. शर्टावर शिंतोडे. शालूचा काठ दारात लोंबत होता तोही भिजला. काथ्या-डांबराची एक गोळी टुणकन पडून घरंगळत गेली ती व्याह्यांच्या बुटाला लागून थांबली. व्याह्यांनी वाकून ती उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

"हे काय म्हनायचं, व्याही? सुपारी?"

बँडवाल्यांपैकी एकाला हसू आवरलं नाही. त्याच्या पिपाणीतून तेवढा एक आवाज निघाला. एक म्हातारी म्हणाली, "बरंय गं, शकुन झाला, पानी आलं." आणि मिस्त्री? माणसाने काय म्हणावं अशा वेळी? काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसतं गप्प राहिले असते तरी मी आज हे सगळं लिहिलं नसतं.

मिस्त्रींनी मांडवावरून नजर फिरवली आणि विचारलं, "गाडी कुनी धुतली?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"वैनींनी," मिस्त्रींनीच उत्तर दिलं. "मी सकाळीच बगितलं. दहा बादल्या ओतल्या. एवढं पानी ओतल्यावर लोखंड काय करनार?"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातातच होतं. मी पुढे होऊन सुमनला कुंकू लावलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि मग सोडलं. ह्यांनी दरवाजा झेंडूच्या माळेच्या सुतळीने बांधला आणि गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गाडीपाशी उकिडवे बसले. स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांनी मागच्या दरवाजाच्या कडेला टेकवला. दाबलासुद्धा नाही. पिकलेल्या पपईत सुरी जावी तसा आत गेला. मग दरवाजाखालच्या पट्टीत गेला. मग दुसऱ्या दरवाजात. हे जमिनीवरच बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू म्हनत होतीस."

तेवढेच तीन शब्द. मला पुरले. मी म्हटलं, "उठा. कर्जतला न्या."

गाडी हमीदभाईंकडे तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरी भात आणि मीठ एवढंच शिजलं. डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे आणि खालची पट्टी कापून नवा पत्रा घालावा लागला. उजवी बाजू थोडक्यात वाचली. हमीदभाईंनी चौदा गोळ्यांतल्या उरलेल्या सगळ्या खिळ्याने उकरून काढल्या, दरवाजांची आतली पुठ्ठ्याची झाकणं उतरवली आणि गाडी चार दिवस नुसती उन्हात उघडी ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आधी सुकू दे. ओल्यावर काय लावाल ते फुकट."

मग त्यांनी पातळ तेलात मेण वितळवून घातलं. ते कोमट असतानाच सायकलच्या पंपाला वाकडी नळी जोडून दरवाजांच्या आणि पट्ट्यांच्या पोटात मारलं. त्यानंतरचं काम त्यांनी आमच्याच खोपोलीत येऊन केलं, कारण कर्जतचा बाजार सपाट. घाटाच्या पहिल्या चढावर रस्त्याच्या कडेला भर दुपारी गाडी नाक वर करून उभी केली, चाकांना दगड लावले. तासाभराने वळवून नाक खाली करून उभी केली. म्हणजे तेल पोकळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं, जोडांत मुरतं. हमीदभाई रस्त्यावर आडवे होऊन एकेक भोक बघत होते. मी ह्यांचं जेवण घेऊन गेले होते, तर मला म्हणाले, "भाभी, हे बगून ठेवा. दामूभाऊ इसरेल, तुमी नाय इसरनार. प्रत्येक भोकातनं थेंब पडला पायजे. थेंब नाय पडला तर समजा वाट बंद हाय. काडी घालायची."

चौदा थेंब पडले. मी मोजले.

मिस्त्रींचं त्यानंतर काय झालं? काही नाही. लोक चार दिवस हसले आणि पुढच्या वैशाखात पुन्हा रांग लावून उभे राहिले. स्टँडवरचा एक टॅक्सीवाला मी माझ्या कानांनी ऐकला. दुसऱ्याला सांगत होता, "मिस्त्रींचं डांबर म्हंजे डांबर. लगनात दहा बादल्या पानी आत ऱ्हायलं, पत्रा फाटला पन गोळीतनं थेंब गळला नाय!" अशा लोकांच्या गाड्या सडल्या तर मला त्यांची दया येत नाही, गाड्यांची येते.

आमची गाडी दरवर्षी वैशाखात हमीदभाईंच्या पद्धतीने तेल घ्यायची आणि पुढचे आठ-दहा दिवस अंगणात थेंब गाळायची. मिस्त्री दारातून बघायचे आणि म्हणायचे, "वैनी, गाडी मुततेय तुमची. अंगन घान केलंत." मी कागद पसरायचे. हमीदभाई वारले, त्यांचा मुलगा मुंबईला गेला, तेव्हा सायकलचा पंप आणि ती वाकडी नळी आमच्याकडे आली. ह्यांची नजर अधू झाली तसं ते काम मीच करायला लागले.

मिस्त्री थकले. शेड बंद झाली. शेडच्या मागे त्यांनी बुजवलेल्या गाड्यांपैकी पाचसहा भंगारात उभ्या होत्या, दरवाजांच्या जागी नुसत्या कडा उरलेल्या. मिस्त्री त्यांच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसायचे. शर्ट पांढराच. अंगठी सैल झाली होती म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, सहा पावसाळे, एक भोक नाय. कुठली गाडी ते सांगत नसत.

गेल्या वैशाखात मी गाडीला तेल मारलं. आता घाटापर्यंत नेणं होत नाही. आमच्या अंगणालाच थोडा उतार आहे, तिथे मागची चाकं विटांवर चढवली आणि कागद पसरून आत भाकऱ्या थापायला गेले. उन्हं कलली तेव्हा बाहेर आले. गाडी थेंब गाळत होती. मिस्त्री त्यांच्या उंबऱ्यावर होते. डोळे किलकिले करून आमच्या गाडीखाली बघत होते आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मला वाटलं जप चालला असेल. या वयात माणसं करतात.

मी कागद उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "वैनी."

मी बघितलं.

"तेराच झाले."

मला क्षणभर कळलं नाही.

"मागचा उजवा नाय पडला," मिस्त्री म्हणाले. "बगा."

मी गाडीमागे गेले. मागच्या उजव्या दरवाजाच्या एका भोकाखाली कागद कोरडा होता. मी घरातून दाभण आणलं, आडवी होऊन भोकात घातलं. आधी चिखल आला. मग अर्धी वाटी तांबडं पाणी आलं, किती महिन्यांचं कोण जाणे. ही बाजू हमीदभाईंनी वाचवली होती, आणि या पावसाळ्यात ती गेली असती. मला कळलंही नसतं. मी दाभण फिरवत राहिले. पाणी थांबलं, आणि मग मेणाच्या वासाचा एक पिवळा थेंब भोकाच्या तोंडाशी आला, लोंबला आणि कागदावर पडला.

मी गाडीखालूनच पलीकडे बघितलं. मिस्त्रींचा अंगठा एक पेर पुढे सरकला आणि थांबला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि मान दुसरीकडे वळवली.

"अंगन घान केलंत, वैनी," ते म्हणाले.